कवडशातले घर

मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांकडे सरकला की दुपारी बाराच्या आत घराघरांतली दारे-खिडक्या लागतात. पत्र्याखाली, जुन्या माळवदाखाली किंवा नव्या स्लॅबखाली माणसे अंधार करून पडून राहतात. अशा वेळी दाराच्या फळीत गाठ निघून गेल्याचे एखादे भोक असेल किंवा पत्र्याला जुन्या खिळ्याचे छिद्र राहिले असेल, तर समोरच्या भिंतीवर एक गंमत घडते. रस्त्यावरून जाणारी रिक्षा भिंतीवर उलटी, चाके वर करून जाताना दिसते. डावीकडून येणारा सायकलवाला उजवीकडून येतो. समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर खाली लोंबण्याऐवजी वर उभी राहते. घरातल्या लहान मुलांना हे आधी दिसते. मोठ्यांनी ते कधीतरी पाहिलेले असते आणि विसरलेलेही असते.

या घटनेसाठी मराठीत एक शब्द आहे, कवडसा. छतातल्या किंवा भिंतीतल्या बारीक भोकातून आत आलेला उन्हाचा ठिपका. मात्र एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पत्र्याचे भोक वेडेवाकडे असो, कौलांमधली फट तिकोनी असो, जमिनीवर पडणारा कवडसा बहुतेक वेळा गोल असतो. तो भोकाचा आकार नसतोच. ते सूर्याचे चित्र असते. छत दहा फूट उंच असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर कवडशाचा व्यास एका इंचाहून थोडा जास्त भरतो. सूर्याचा व्यास आणि त्याचे आपल्यापासूनचे अंतर यांचे प्रमाण सुमारे एकास १०८ आहे, त्यामुळे भोकापासून जमिनीपर्यंतच्या अंतराला १०८ ने भागले की कवडशाचा आकार मिळतो. जपमाळेचे मणीही १०८ असतात. तो योगायोग आहे, त्यात अधिक काही शोधू नये. पण एक मोजपट्टी आणि एक कवडसा हाताशी असला, तर शाळेतले मूल घरबसल्या सूर्याचे मोजमाप करू शकते, ही गोष्ट योगायोगापेक्षा कितीतरी मोठी आहे.

याच तत्त्वावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला पिनहोल कॅमेरा म्हणतात. त्याला भिंग नसते, बॅटरी नसते, पडदा नसतो. एक डबा, आत काळा रंग, एका बाजूला सुईने पाडलेले छिद्र आणि समोरच्या बाजूला प्रकाशाला प्रतिसाद देणारा कागद, एवढाच सगळा कारभार. मोबाइलने दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या जगात हा डबा कोण वापरत असेल, असे वाटू शकते. तरीही दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जागतिक पिनहोल छायाचित्रण दिन साजरा होतो. २००१ पासून हा प्रघात आहे. गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ या संस्थेने पिनहोलच्या कार्यशाळा घेऊन हा छंद आपल्याकडे रुजवला. या छंदातले एक दालन खास आहे, ते म्हणजे घराच्या आतले फोटो. स्वयंपाकघराचा ओटा, देवघर, माजघर, पलंग, शिवणयंत्र. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर हेच दालन सर्वांत जास्त बोलके आहे.

आधी थोडे शास्त्र. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण छिद्रातून आत शिरला की खाली जातो, बुंध्याकडून आलेला वर जातो, म्हणून चित्र उलटे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोमध्ये इब्न अल-हैथम या विद्वानाने हे साध्या दिव्यांनी दाखवले. अंधाऱ्या खोलीच्या भोकाबाहेर त्याने ओळीने दिवे ठेवले. आतल्या भिंतीवर तितकेच ठिपके उमटले. एक दिवा झाकला की एकच ठिपका गायब होई, बाकीचे जागच्या जागी. म्हणजे एकाच छिद्रातून जाताना किरण एकमेकांत मिसळत नाहीत. पुढे १६०४ मध्ये केप्लरने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जगाचे चित्र असेच उलटे पडते, हे मांडले. आपल्याला ते सुलटे दिसते, ती मेंदूची करामत. हंपीला गेलेल्या सोलापूरकरांनी विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली पाहिली असेल. तिथले मार्गदर्शक तिला चमत्कार म्हणून दाखवतात. ती खरे तर सावली नाही, चित्र आहे, आणि तिथेही एका लहान भोकाचेच काम आहे.

सोलापूर जिल्ह्याचा सूर्यचित्रांशी एक जुना संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी करमाळा तालुक्यातल्या जेऊर इथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन तिथे उतरले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचा तळही जेऊरलाच होता. कॅम्पबेल यांच्याकडे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. त्याला भिंग होते, तो पिनहोल नव्हता. पण हिशेब तोच. चाळीस फुटांना १०८ ने भागले की सूर्याचे चित्र चार इंचांहून मोठे येते. ते चित्र टिपायला अवघी दोन मिनिटे मिळणार होती. त्यासाठी समुद्रापलीकडून सामान आणून माळावर मांडले गेले.

घरातल्या डब्याला इतकी घाई नसते, उलट कमालीचा संथपणा असतो. डबा दहा सेंटिमीटर खोल असेल, तर छिद्र साधारण ०.४५ मिलिमीटरचे असावे. शिवणाच्या दहा नंबरच्या सुईची जाडी जवळपास तेवढीच. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून त्याला सुईने भोक पाडायचे, मागे आलेली कड बारीक पॉलिश कागदाने घासून काढायची. छिद्र याहून मोठे केले तर चित्र पसरट होते. फार लहान केले तर प्रकाशाचे किरण कडेला वाकून पुन्हा धूसरपणा येतो. मधला सुवर्णबिंदू कसा काढायचा, याचे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॅले यांनी दिले. आकाशाचा रंग निळा का, हे सांगणारे तेच रॅले.

डबा कोणताही चालतो. चहाचा, बिस्किटांचा, बुटांचा खोका, चादरींचा पुठ्ठ्याचा खोका. झाकण अंधार राखणारे हवे, एवढीच अट. आत फोटोचा कृष्णधवल कागद लावतात. तो आता सहज मिळत नाही, मागवावा लागतो. क्ष-किरणांची फिल्मही चालते, मात्र तिच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असल्याने तिला ओरखडे फार लवकर पडतात. कागद लाल दिव्यात हाताळायचा, मग डेव्हलपर, फिक्सर आणि भरपूर पाणी. क्ष-किरण विभागात डिजिटल यंत्रे येण्यापूर्वी प्रत्येक सरकारी रुग्णालयात अशी एक अंधारी खोली होती. तिथे काम करणाऱ्यांच्या हातांचा तो विशिष्ट वास जुन्या कर्मचाऱ्यांना अजून आठवत असेल. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व एकत्र करूनही डेव्हलपर तयार होतो. कृती घरगुती असली तरी भांडी मात्र वेगळी ठेवावीत. फिक्सर मुलांच्या हाती लागू नये, ज्या पातेल्यात तो ओतला ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये.

आता वेळेचा हिशेब. भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. अशा उन्हात या डब्याला अर्धे ते एक मिनिट पुरते. घरात शिरले की सगळे बदलते. खिडकीला खेटून पाचशे लक्स असतील तर दोन तास. खोलीच्या मध्यावर शंभर लक्स उरले तर उजेडाचा अख्खा दिवस. मागच्या न्हाणीजवळच्या कोपऱ्यात पन्नासच्या खाली गेले तर एका दिवसात भागत नाही, छिद्र रात्री झाकून दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडावे लागते. आपला डोळा या बाबतीत फार फसवा आहे. उन्हातून घरात आल्यावर काही मिनिटांत तो अंधाराला सरावतो आणि मेंदू सांगतो, ‘दिसतंय की सगळं.’ डबा तसे खोटे बोलत नाही. अंगणात एक मिनिट आणि स्वयंपाकघरात नऊ तास लागले, तर त्या स्वयंपाकघरात अंगणाच्या तुलनेत कितीशी प्रकाशकिरणे पोचतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घराविषयीचे निकष असतात. खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक पंचमांश असावे, दारे आणि खिडक्या मिळून दोन पंचमांश. बाहेर मोकळ्या आकाशाखाली जितका उजेड असेल, त्याच्या निदान एक टक्का उजेड खोलीच्या निम्म्या भागात तरी पोचावा. वैद्यकीय विद्यार्थी हे पाठ करतात. वस्तीतल्या कुटुंबांच्या भेटींना जातात तेव्हा त्यांच्या छापील अर्जात ‘प्रकाशयोजना’ असा रकाना असतो आणि त्यासमोर ‘पुरेशी’ किंवा ‘अपुरी’ यांपैकी एका शब्दावर खूण करायची असते. एका शब्दात एका घराचा उजेड मावत नाही. विद्यार्थी दुपारी अकराला जातो, ट्यूबलाइट लावून त्याला बसवले जाते, आणि रकान्यात ‘पुरेशी’ पडते.

डब्याची खरी गंमत माणसांच्या बाबतीत कळते. दोन तासांच्या चित्रात जे हलले ते पुसले जाते. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी दिसते, काटे नाहीत. पंखा फिरता असेल तर नुसते धुके. कोणी पाच मिनिटे येऊन गेले तर त्याचा मागमूसही राहत नाही. वीस-पंचवीस मिनिटे बसले तर अंगातून मागची भिंत दिसावी अशी एक फिकट आकृती उमटते. अंथरुणाला खिळलेले आजोबा मात्र स्वच्छ येतात, चादरीच्या घड्यांसकट. दूरदर्शन संचापुढे बसलेला मुलगाही बऱ्यापैकी ओळखू येतो. आणि सकाळपासून पाणी भरणारी, चूल-गॅस बघणारी, केर काढणारी, डबे भरणारी बाई? ती नसते. तिने घासलेली भांडी रांगेत चमकत असतात, तिने लावलेली चादर ताठ असते, पण ती स्वतः कुठेही नसते. घरात जो सर्वांत जास्त हलतो त्याला हा कॅमेरा सर्वांत कमी ओळखतो. कुटुंबाच्या आरोग्य-नोंदीही पुष्कळदा अशाच लिहिलेल्या असतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे.

या दृश्याचा कलेसाठी उपयोग करणारे अनेक आहेत. क्यूबात जन्मलेले अमेरिकन छायाचित्रकार अबेलार्डो मोरेल यांनी १९९१ मध्ये आपल्या घरातली झोपण्याची खोलीच काळ्या प्लास्टिकने बंद केली, खिडकीवर एक भोक ठेवले आणि समोरच्या रस्त्यावरची घरे पलंगावर उलटी उतरवली. अशा एकेका फोटोला पाच ते दहा तास लागत. फिनलंडच्या मार्या पिरिला यांनी १९९६ पासून लोकांच्या राहत्या खोल्यांनाच कॅमेरा बनवले आणि खोलीत बसलेल्या माणसांच्या अंगावर बाहेरचे जग उतरलेले टिपले. इंग्लंडमध्ये रेजिना वाल्केनबर्ग या विद्यार्थिनीने २०१२ मध्ये एका वेधशाळेवर बिअरच्या डब्याचा कॅमेरा बांधला आणि त्याचा विसर पडला. तो २०२० मध्ये सापडला. आत आठ वर्षांच्या सूर्यप्रवासाच्या २,९५३ रेघा उमटलेल्या होत्या.

कलेपलीकडेही एक वाट आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी खेड्यातल्या महिलांच्या हाती कॅमेरे दिले. तुमच्या आरोग्याला आणि कामाला काय नडते, ते तुम्हीच टिपा, असे सांगितले. या पद्धतीला पुढे ‘फोटोव्हॉइस’ असे नाव पडले आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात ती रूढ झाली. त्या महिलांकडे साधे कॅमेरे होते, डबे नव्हते. पण घराच्या आतले काम टिपायला डबाच अधिक सोयीचा, असे म्हणायला जागा आहे. त्याच्यामागे कोणी परका माणूस उभा नसतो. फळीवर डाळीच्या डब्याशेजारी तो नुसता बसून राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकायला जागा नसते, तिथे कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला हा डबा अख्खी खोली कवेत घेतो. जवळची सुई आणि लांबचे कॅलेंडर दोन्ही सारख्याच स्पष्टतेने येतात, कारण भिंग नसल्यामुळे ‘फोकस’ हा प्रश्नच उरत नाही. अर्थात संथ आणि गुपचूप असला तरी तो कॅमेराच आहे. घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय तो फळीवर ठेवू नये.

सोलापूरच्या पूर्व भागात हजारो महिला घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पाने, तंबाखू, दोऱ्याचे रीळ, कात्री. हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि मोजून घेताना नापास झालेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. या कामगार महिलांसाठी कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. जवळच्याच रे नगरमधली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. झोपडीतून पक्क्या घरात जाणे ही आरोग्याच्या दृष्टीने केवढी मोठी झेप आहे, हे कोणी सांगायला नको. पण घर पक्के झाले तरी विडी वळणारी बाई बसते कुठे, हे पाहण्यासारखे असते. ती पंख्याखाली बसत नाही, कारण वाऱ्याने तंबाखू उडते. ती ट्यूबलाइटखालीही क्वचित बसते. ती बसते उंबऱ्याला लागून, दाराकडे तोंड करून, जिथे दिवसाचा उजेड फुकट मिळतो. ऊन सरकेल तशी तीही सरकते.

अशा खोलीत डबा चार तास उघडा राहिला, तर कागदावर काय येईल याचा अंदाज बांधता येतो. ती बाई दिसेल, कारण ती फारशी उठत नाही. पाठ पुढे वाकलेली, मान खाली, सुपावर झुकलेली. चेहरा थोडा विरघळलेला. आणि हातांच्या जागी नुसता धुरकट ढग. सुपाची कड, भिंतीवरची खुंटी, कोपऱ्यातली घागर सगळे लख्ख, फक्त हात नाहीत. मान आणि पाठ यांचा कोन मात्र मोजता यावा इतका स्वच्छ असेल. मानदुखीच्या तक्रारीवर गोळ्या लिहून देण्याआधी असे एखादे चित्र समोर असते, तर बरे झाले असते.

मान इतकी खाली का जाते, याचे एक उत्तर कामात आहे आणि दुसरे डोळ्यांत. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अंधूक दिसू लागते. मराठीत या दोषालाही चाळिशी म्हणतात आणि त्यासाठी लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. वय वाढते तशी बाहुलीही लहान होत जाते आणि भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच उंबऱ्यावर सासूला सुनेपेक्षा तिप्पट उजेडाची गरज असते. घरात ही गोष्ट ‘वय झालं’ या दोन शब्दांत संपते. सुई ओवायला नातीला हाक मारली जाते, तांदूळ निवडायचे काम दुसऱ्याकडे जाते, आणि विड्या नापास होण्याचे प्रमाण वाढले की बोलणी खावी लागतात. डोळे तपासायला मात्र कोणी नेत नाही.

इथे तेच सुईचे भोक पुन्हा कामाला येते. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात तक्त्यासमोर बसवल्यावर अक्षरे नीट वाचता आली नाहीत, की रुग्णाच्या डोळ्यासमोर एक काळी चकती धरतात. तिला सव्वा मिलिमीटरच्या आसपास एक किंवा अनेक छिद्रे असतात. ‘आता वाचा’, असे सांगतात. ज्याला तिसऱ्या ओळीपुढे जाता येत नव्हते तो एकदम तळाशी पोचला, तर दोष चष्म्याने सुटण्यासारखा आहे. फरक पडला नाही, तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा नसेचा आजार शोधावा लागतो. छिद्रातून पाहिल्यावर दृष्टी आणखी कमी झाली, तर भिंगाच्या मध्यावरचा मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या केंद्राचा विकार मनात येतो. काही रुपयांच्या प्लास्टिकच्या चकतीने होणारी ही तपासणी आहे. देशातल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वाची जी राष्ट्रीय पाहणी २०१५ ते २०१९ या काळात झाली, तिच्यात सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. मोतीबिंदू काढता येतो. चष्मा तर त्याहून सोपा. प्रश्न आहे तो रुग्ण त्या तक्त्यापर्यंत पोचण्याचा.

चकती काम करते ती डब्याच्याच न्यायाने. डोळ्याच्या भिंगाने किरण नीट एकत्र आणले नाहीत, की प्रत्येक बिंदूचे दृष्टिपटलावर पसरट वर्तुळ बनते. छिद्र ते वर्तुळ लहान करते. अंधूक दिसणारा माणूस डोळे किलकिले करून पाहतो, तेव्हा तोही पापण्यांची फट करून हेच साधत असतो. सुईत दोरा ओवताना आई डोळे बारीक करते, दिवसभर विड्या वळताना कपाळाला आठ्या पडतात, संध्याकाळी डोके दुखते. या आठ्या बघून स्वभाव ठरवण्यापेक्षा नंबर तपासलेला बरा.

चष्म्याने उत्पन्नात किती फरक पडतो, याचे एक भारतीय उत्तर उपलब्ध आहे. आसामच्या चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना लगेच जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांनी तोडलेल्या पानांचे वजन दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. चहाची पाने तोडणे आणि तेंदूची पाने वळणे ही कामे सारखी नाहीत, त्यामुळे हाच आकडा सोलापूरला लावता येणार नाही. पण मजुरी नगावर ठरते तिथे डोळा हा अवजाराचा भाग असतो. कात्रीला धार लावतात, तसे डोळ्याकडेही पाहायला हवे. (विडीच्या तंबाखूची भुकटी घरभर असणे, तिच्यामुळे होणारा खोकला आणि त्वचेचे त्रास हा वेगळाच विषय आहे. तो उजेडाने सुटत नाही, मोकळ्या हवेने काही अंशी कमी होतो.)

पिनहोलच्या नावावर बाजारात एक फसवा धंदाही चालतो. जाळीदार छिद्रांचे काळे चष्मे ‘नंबर घालवणारे’ म्हणून विकले जातात. ते लावले तर तेवढ्यापुरते स्पष्ट दिसते, हे खरे. कारण वर सांगितले आहेच. मात्र त्यांनी डोळ्याचा आकार बदलत नाही, भिंगाची लवचीकता परत येत नाही, नंबर उतरत नाही. उलट बाजूची नजर कमी होते आणि अंधार वाढतो. ते लावून दुचाकी चालवणे म्हणजे अपघाताला बोलावणे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून घरी कोणाला अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात का, हे पाहायला हरकत नाही. दिसली तरी डोळे तपासायला जायचे आणि नाही दिसली तर अधिक लवकर जायचे. मधुमेह असेल तर या पुठ्ठ्याच्या उत्तरावर विसंबूच नये, कारण त्यात दृष्टिपटलाचे नुकसान नजर चांगली असतानाही सुरू झालेले असते.

रुग्णालयात हे छिद्र आणखी एका ठिकाणी भेटते. थायरॉइडच्या गाठीची तपासणी करताना शरीरात दिलेल्या अल्प किरणोत्सर्गी औषधातून गॅमा किरण बाहेर पडतात. त्यांना भिंगाने वाकवता येत नाही. म्हणून गॅमा कॅमेऱ्यापुढे जाड धातूचा शंकू लावतात आणि त्याच्या टोकाला एकच बारीक छिद्र असते. गळ्यातल्या त्या लहानशा ग्रंथीचे मोठे चित्र त्यातून मिळते. कोट्यवधी रुपयांचे यंत्र आणि त्याच्या तोंडाशी दाराच्या फळीतले भोक, असाच हा प्रकार आहे.

डब्याने उजेड मोजायचा तर सोलापुरात वर्षातले कोणते दिवस निवडावेत, हाही विचार करण्यासारखा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत ऊन खिडकीतून आत येतच नाही, छतावर मात्र सगळा मारा होतो. घर तापते आणि तरी आतून अंधारे राहते. डिसेंबरात उलट, सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेची खिडकी असेल तर ऊन खोलीत लांबवर शिरते. एकाच जागी ठेवलेल्या डब्याने मे आणि डिसेंबर अशी दोन चित्रे घेतली, तर बैठकीची जागा, अभ्यासाचे टेबल, आजीचा पलंग कुठे हलवावा हे कोणत्याही सल्लागाराविना ठरवता येईल. भिंतीला पांढरा चुना आणि छतात एक पारदर्शक पत्रा एवढ्यानेही चित्राची वेळ निम्म्यावर येऊ शकते. तो पत्रा उन्हाची काहिलीही आत आणतो, हे मात्र विसरू नये.

सूर्यग्रहणाच्या दिवशी या डब्याचा सर्वांत सुरक्षित उपयोग होतो आणि सर्वांत धोकादायक गैरसमजही त्याच दिवशी होतो. छिद्रातून सूर्याकडे पाहायचे नसते. सूर्याकडे पाठ करायची, छिद्रातून आलेला कवडसा कागदावर किंवा भिंतीवर घ्यायचा आणि त्या कागदाकडे पाहायचे. छिद्राला डोळा लावला तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी भाजते. त्यात वेदना होत नाही, म्हणून ते त्या वेळी कळतही नाही, आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही. जुनी क्ष-किरण फिल्म डोळ्यांपुढे धरण्याची पद्धतही तितकीच घातक आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. ढग नसतील तर कडुनिंबाच्या पानांमधून अंगणात पडणारे सगळे कवडसे त्या वेळी एका बाजूने खाल्लेल्या भाकरीसारखे दिसतील. पावसाळ्याचे दिवस, ढगांचा भरवसा नाही. डबा मात्र आधीच करून ठेवता येतो, त्याला फार तर एक दुपार लागते.